गप्पी-मॉलीच्या पोटातले जंत : ओळखायचे कसे, औषध कोणतं आणि किती

(प्रतिनिधी) : काचेची फिशटँक आता फक्त शहरातल्या हॉटेलात राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी सलूनमध्ये, पतसंस्थेच्या ऑफिसात, दवाखान्यात पेशंट बसतात तिथे आणि पोरांच्या हट्टापायी घराघरात टीव्हीशेजारी टाकी दिसते. काही तरुण आणि महिला बचत गट परसात सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी, मॉली, प्लॅटीची पिल्लं तयार करतात आणि जोडीवर विकतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटला तीन लाखांपर्यंतचा खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य ठेवलं होतं. म्हणजे हा आता नुसता शौक नाही, काहींच्या घरचा जोडधंदा आहे.

या धंद्यात एक तक्रार सारखी ऐकू येते. मासा खातो, पण अंगाला लागत नाही. पोट खपाटीला जातं, पाठ वाकते, रंग उडतो आणि आठ-पंधरा दिवसांनी एक-एक मासा तळाला पडलेला सापडतो. पाणी बदललं, मीठ टाकलं, दुकानातलं निळं औषध टाकलं, तरी मर थांबत नाही. अशा वेळी बऱ्याचदा रोग पाण्यात नसतो, माशाच्या आतड्यात असतो. जंत झालेले असतात.

शेळीला जंत झाले तर आपल्याला कळतं. जबड्याखाली पाणी उतरतं, डोळ्याची पापणी पांढरी पडते, लेंडी पातळ होते. माशाचं तसं पटकन ध्यानात येत नाही. आणि कळलं तरी पुढचा धोका मोठा. गोठ्यात जनावरांचं जंताचं औषध पडलेलं असतं, त्यातलंच थोडं टाकीत ओतायचा मोह होतो. जंतांनी महिन्याभरात जेवढे मासे मेले नसते तेवढे त्या एका झाकणभर औषधाने एका रात्रीत मरतात. त्यामुळे कोणतं औषध चालतं, कोणतं चालत नाही आणि हिशोब कसा करायचा, हे जरा सविस्तर.

लाल दोरा दिसला तर

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्लं देणारे मासे. यांच्यात सगळ्यात जास्त आढळणारा जंत म्हणजे कॅमालॅनस. हा गोलकृमी आहे, म्हणजे आपल्या पोटातल्या जंतासारखाच लांबट, दोऱ्यासारखा. मादी साधारण एक सेंटिमीटरची, नर त्याहून बराच बारीक. आतड्याच्या आतल्या कातडीला तो तोंडाच्या कडक पकडीने धरून बसतो आणि रक्त पितो. रक्त पीत असल्यामुळेच त्याचा रंग तांबडा-तपकिरी दिसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. मासा एका जागी स्थिर असताना शेपटीकडच्या खालच्या बाजूला, विष्ठेच्या जागेतून दोन-तीन बारीक लाल टोकं बाहेर आलेली दिसतात, ब्रशचे केस बाहेर यावेत तशी. मासा हलला की आत जातात. म्हणून घाईत बघून चालत नाही. टाकीसमोर पाच-दहा मिनिटं शांत बसावं लागतं आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने मारावा लागतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोठा करून बघितलं तर अजून चांगलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दोरा बाहेर दिसतो तेव्हा आत जंत पूर्ण वाढलेले असतात आणि टाकीतल्या बाकीच्या माशांनाही लागण झालेली असते. ‘हा एकच आजारी आहे, याला वेगळा काढतो’ असं म्हणून भागत नाही. उपचार सगळ्या टाकीचा करायचा असतो. आणि चिमट्याने तो दोरा ओढून काढायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. जंताची पकड आतड्याला असते, ओढलं की आतडं फाटतं.

हा जंत मूळचा पूर्व आणि आग्नेय आशियातला. १९२७ साली जपानमध्ये त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली. नंतर गप्पीच्या व्यापाराबरोबर तो युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला. आपल्याकडे शोभिवंत माशांचा मोठा माल चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि कोलकाता-हावड्याकडून येतो. तिथून मुंबई-पुणे, तिथून जिल्ह्याच्या दुकानात, मग आपल्या घरी. वाटेत दहा टाक्यांचं पाणी लागलेला मासा जंत घेऊन आला तर नवल नाही.

पसरण्याची रीतही समजून घ्या, कारण औषध दोनदा का द्यायचं याचं उत्तर त्यातच आहे. मादी अंडी घालत नाही, तिच्या पोटातून जिवंत अळ्या बाहेर पडतात आणि विष्ठेबरोबर तळाला जातात. तळाच्या गाळात त्या वळवळत राहतात. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा त्या खातो, तो किडा मासा खातो आणि जंत माशाच्या पोटात. आपल्या वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायल्यावर पायातून हातभर दोरा निघायचा, तो याच सायक्लॉप्समधून यायचा. फडक्याने पाणी गाळून प्या असं आरोग्य खातं सांगायचं ते याचसाठी. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. कॅमालॅनस हा त्या नारूच्याच लांबच्या भावकीतला. फरक एवढाच की काचेच्या टाकीत त्याला सायक्लॉप्सही लागत नाही. मासे तळ टोचत खातात, तेव्हा अळ्या थेट त्यांच्या पोटात जातात आणि फेरा चालू राहतो. टाकीत एकदा शिरला की आपोआप जात नाही तो यामुळे.

माणसाला मात्र या जंताची लागण होत नाही. पोरांनी टाकीत हात घातला म्हणून घाबरू नये. हात साबणाने धुवावेत, आणि हाताला जखम असेल तर टाकीत हात घालूच नये. टाकीच्या पाण्यातल्या काही जंतूंनी जखम महिनोन्महिने चिघळते.

दुसरे जंत, आणि जंत नसलेलं बरंच काही

एंजल आणि डिस्कस माशांत कॅपिलारिया नावाचा केसासारखा बारीक गोलकृमी होतो. तो बाहेर दिसत नाही. मासा वाळतो, खाणं तोंडात घेऊन थुंकतो, विष्ठा पांढरी, शेंबडासारखी लोंबते. खात्री करायची तर सूक्ष्मदर्शक लागतो. ताजी विष्ठा काचपट्टीवर थेंबभर पाण्यात दाबून बघितली की लिंबासारखी, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी अंडी दिसतात. शेळीच्या लेंडीची तपासणी ज्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते तिथल्या डॉक्टरांना ही अंडी ओळखू येतील. विचारायला लाजू नका.

गोल्डफिश, कोई या कार्प जातीच्या माशांत पट्टकृमी, म्हणजे चपटा जंतही सापडतो. तोही सायक्लॉप्समधूनच येतो. पोट फुगतं, पण पाठ मात्र वाळलेली राहते.

आता जंत नसलेल्या गोष्टी. पांढरी लोंबती विष्ठा प्रत्येक वेळी जंताचीच नसते. स्पायरोन्यूक्लिअस नावाच्या एकपेशीय जंतूमुळेही तसंच होतं, त्याला मेट्रोनिडाझोल लागतं, जंताचं औषध त्यावर चालत नाही. उपाशी माशाची विष्ठाही पांढरट असते. काचेवर सरपटणारे पांढरे बारीक किडे दिसले की लोक घाबरून फोटो पाठवतात. ते बहुतेक वेळा गाळावर जगणारे असतात, माशाच्या पोटात शिरत नाहीत. खाद्य जास्त पडतंय एवढाच त्याचा अर्थ. आणि माशाच्या अंगावर बाहेरून खिळ्यासारखा रुतलेला, मागे फाटा फुटलेला ‘जंत’ म्हणजे लर्निया. तो जंत नाही, झिंग्याच्या कुळातला परजीवी आहे. त्याचा इलाज वेगळा.

गोठ्यातली औषधं : कोणती टाकीपासून लांब ठेवायची

या भागासाठीच खरं तर हा लेख.

आयव्हरमेक्टिन. गोचीड, खरूज, जंत सगळ्यांवर गाई-म्हशींना टोचतात ते. माशांना ते अत्यंत विषारी आहे. जनावराच्या मेंदूला या औषधापासून आडोसा असतो, माशाचा तो आडोसा कमकुवत आहे. मासा लुळा पडतो, तिरका पोहतो, मरतो. ‘अगदी थेंबभर’ म्हणूनही टाकायचं नाही.

जोड औषधं. मेंढ्या-शेळ्यांना पाजायच्या पातळ औषधात पुष्कळदा लेव्हामिसोलबरोबर ऑक्सिक्लोझानाइड असतं. लेव्हामिसोल माशाला चालतं, हे पुढे सांगितलंच आहे. पण ऑक्सिक्लोझानाइड हे लिव्हरमधल्या पट्ट्या जंतावरचं औषध आहे आणि त्या गटातली औषधं माशांना घातक असतात. त्याच गटातलं निक्लोसामाइड तर परदेशात नको असलेले मासे मारायलाच पाण्यात सोडतात. बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, ते वाचून काही कळत नाही. बाटली फिरवा, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. तिथे एकाच औषधाचं नाव हवं. दोन नावं दिसली की ती बाटली जनावरांसाठीच राहू द्या.

अल्बेंडाझोल. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत पोरांना देतात ती ४०० मिलिग्रॅमची गोळी. घरात एखादी उरलेली असते. ही गोळी पाण्यात विरघळत नाही, पूड होऊन तळाला बसते आणि माशाच्या आतड्यातल्या जंतापर्यंत पोचतच नाही. पाणी मात्र खराब होतं.

गोचिडाची फवारणी. हे जंताचं औषध नाही, पण सांगायलाच हवं. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधं माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात. गोठ्यात फवारणी करून आल्यावर त्याच हाताने टाकीत जाळी घालणं, किंवा पंपासाठी वापरलेली बादली पाणी बदलायला घेणं, एवढंही पुरतं. टाकीची बादली, मग, पाइप वेगळे ठेवा आणि त्यावर खूण करा.

दुकानातल्या निळ्या-हिरव्या बाटल्या, म्हणजे मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन वगैरे, या बुरशी आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी असतात. आतड्यातल्या जंतावर त्यांचा उपयोग नाही. मलाही एका दुकानात लाल दोऱ्याची तक्रार सांगितल्यावर तीच निळी बाटली हातात दिली होती. खडे मीठ, हळद, कडुनिंबाचा पाला यांनीही आतले जंत पडत नाहीत. लसणाच्या वासाने मासा खाद्याकडे येतो हे खरं, त्याचा उपयोग औषधी खाद्य भरवायला होतो. पण लसूण म्हणजे औषध नव्हे.

टाकीत पाणी नेमकं किती?

डोस लिटरवर ठरतो. त्यामुळे ‘दोन फुटी टाकी’ एवढ्यावर काम होत नाही. टेपने आतून मोजा : लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची, तिन्ही सेंटिमीटरमध्ये. तिघांचा गुणाकार करून १००० ने भागा, लिटर मिळतात.

उदाहरणार्थ, टाकी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि पाणी २६ सेंमी उंचीपर्यंत. ६० × ३० × २६ = ४६,८००. म्हणजे ४६.८ लिटर. तळाला खडी, दगड, शोभेची खेळणी असतील तर त्यांची जागा वजा करा, साधारण दहावा हिस्सा. राहिले ४२ लिटर. सिमेंटच्या गोल टाकीत व्यास मोजा, त्याचा निम्मा म्हणजे त्रिज्या. त्रिज्या × त्रिज्या × ३.१४ × पाण्याची उंची, भागिले १०००.

दुसरा साधा हिशोब औषधाचा. पातळ औषधावर टक्के लिहिलेले असतात. १ टक्का म्हणजे १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम. ७.५ टक्के म्हणजे ७५ मिलिग्रॅम, १० टक्के म्हणजे १०० मिलिग्रॅम. शेतात फवारणीचं प्रमाण काढणाऱ्या माणसाला हे जड नाही.

लेव्हामिसोल : पाण्यातून द्यायचं औषध

कॅमालॅनस आणि इतर गोलकृमींवर पाण्यातून द्यायला लेव्हामिसोल हे पहिल्या पसंतीचं औषध. ते पाण्यात चांगलं विरघळतं, माशाच्या अंगात शिरतं आणि जंताच्या स्नायूंना आकडी आणतं. पकड सुटते, जंत विष्ठेबरोबर बाहेर पडतो. हा शब्द नीट वाचा : बाहेर पडतो. तो मेलेलाच असतो असं नाही. म्हणून औषधानंतर तळ साफ केला नाही तर केलेलं सगळं वाया जातं, मासे तेच पुन्हा गिळतात.

प्रमाण : १ लिटर पाण्याला २ मिलिग्रॅम, २४ तास.

वरच्या ४२ लिटरच्या टाकीला ८४ मिलिग्रॅम लागेल. गोळी १५० मिलिग्रॅमची मिळाली तर ती बारीक कुटून १५० मिली पाण्यात ढवळा. आता १ मिलीत १ मिलिग्रॅम झालं. त्यातलं ८४ मिली मोजून घ्या, उरलेलं टाकून द्या. गोळीतला पांढरा भुसा खाली बसतो, तो औषध नाही, वरचं पाणी घ्यायचं. मोजायला सुई काढलेली सिरिंज उत्तम. औषध घेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, घटक फक्त लेव्हामिसोलच आहे ना हे त्यांच्याकडून बघून घ्या.

पहिल्यांदाच देत असाल तर नवीन फवारणी जशी आपण आधी एका ओळीवर मारून बघतो तसं करा. टाकीतलंच १० लिटर पाणी बादलीत घ्या, दोन मासे सोडा, २० मिली औषध टाका, हवेचा पंप लावा. दिवसभर बघा. मासे ठीक राहिले तर टाकीला द्या. म्हणजे हिशोबात शून्याची चूक झाली असेल तर दोन माशांवर निभावतं.

टाकीला द्यायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि तळाचा गाळ पाइपने ओढून घ्या. घाणीत औषधाचा जोर कमी होतो. पाइप तोंडाने ओढू नका, मोटारसायकलचं पेट्रोल काढल्यासारखं. पाइप पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्यायचा, एक टोक अंगठ्याने दाबून बाहेर खालच्या बादलीत सोडायचं, पाणी आपोआप येतं. फिल्टरमध्ये काळा कोळसा असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. स्पंज तसाच राहू द्या.

औषध सगळीकडे सारखं ओता, टाकीचा दिवा बंद करा आणि वरून जाड चादर किंवा गोणपाट टाकून २४ तास अंधार ठेवा. उजेडात हे औषध लवकर निकामी होतं. हवेचा पंप चालू पाहिजे, आणि इथे आपल्याकडची अडचण येते, ती म्हणजे लाइटीची. तुमच्या फिडरला रात्री लाइट असते की दिवसा ते बघून दिवस धरा. मध्येच गेली तर अर्ध्या-अर्ध्या तासाने मगने पाणी उचलून वितभर उंचीवरून परत टाकीत सोडत राहा. बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो, मासे विकणाऱ्याने तो घेऊनच ठेवावा.

काही तासांतच तळाला लाल-तपकिरी दोरे पडलेले दिसू लागतात. काही माशांना जंत अर्धवट बाहेर लोंबतो, तो सुटेल, हात लावू नका. आधीच फार खंगलेला एखादा मासा या धक्क्यात जातो, तेवढी तयारी ठेवा.

२४ तास झाले की तळ कोपरा न् कोपरा ओढून घ्या. खडी असेल तर पाइप खडीत खुपसून. निम्म्याहून जास्त पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मं. नवीन पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-थंड हवं. नळाला टीसीएल पावडर टाकलेली असेल तर ते पाणी लगेच वापरू नका. एक दिवस उघड्या टबात हवा सोडून ठेवा किंवा दुकानात मिळणारे हायपोचे खडे टाका. बोअर-विहिरीचं पाणी असेल तर हा प्रश्न नाही. मग कोळसा परत लावा.

पण काम इथे संपत नाही. लहान अळ्यांवर पहिल्या डोसाचा पूर्ण परिणाम होत नाही आणि गाळात राहिलेल्या अळ्या पुन्हा पोटात जातात. म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी हाच डोस, हीच साफसफाई पुन्हा. पहिल्या डोसानंतर मासे खायला लागतात, रंग येतो, दोरे दिसेनासे होतात आणि माणूस दुसरा डोस विसरतो. महिन्या-दीड महिन्याने सगळं परत. तारीख मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. दुसऱ्या डोसातही तळाला जंत पडले तर अजून दोन-तीन आठवड्यांनी तिसरा द्यावा.

फेनबेंडाझोल : खाद्यातून

मासे खात असतील तर दुसरा मार्ग खाद्याचा. कॅपिलारियाला हाच जास्त बरा. फेनबेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते खाद्यात मिसळून द्यायचं. प्रमाण खाद्याच्या पाव टक्का : १ किलो खाद्याला अडीच ग्रॅम शुद्ध औषध. घरगुती टाकीला २० ग्रॅम खाद्य पुष्कळ झालं, त्याला ५० मिलिग्रॅम. औषध १० टक्क्यांचं पातळ असेल तर अर्धा मिली. २५ टक्क्यांची पूड असेल तर २०० मिलिग्रॅम, जी सोनाराच्या काट्यावरच नीट तोलता येते. त्यापेक्षा पातळ औषध सोपं.

चिमूटभर जिलेटिन थोड्या गरम पाण्यात विरघळवा, कोमट झाल्यावर औषध घाला, खाद्याची पूड मळा, थापून फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट झालं की गप्पीच्या तोंडात जाईल एवढे बारीक कण करा. जिलेटिनमुळे औषध पाण्यात सुटत नाही. एक दिवस मासे उपाशी ठेवून मग तीन दिवस हेच खाद्य द्या, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस. टाकीत शोभेच्या गोगलगायी असतील तर आधी दुसरीकडे हलवा, हे औषध त्यांना मारतं. डबीवर ‘औषध’ असं ठळक लिहा आणि फ्रिजमध्ये पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

जो मासा खातच नाही त्याला हे औषध पोचणार नाही. तिथे लेव्हामिसोलच. दोन्ही एकदम देऊ नका.

चपट्या पट्टकृमीवर ही दोन्ही औषधं भरवशाची नाहीत. त्याला प्राझिक्वान्टेल, लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास. हे पाण्यात अवघड विरघळतं, म्हणून पूड करून कोमट पाण्याच्या बाटलीत भरपूर हलवून मग ओतायचं. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वान्टेल असतं, पण सोबत बहुतेक वेळा आणखी एक-दोन औषधं असतात. तिथेही तोच नियम, मागची बारीक अक्षरं वाचा.

नवीन मासा आणला की

दुकानातून आणलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नका. साध्या प्लॅस्टिकच्या टबात, खडी न टाकता, तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. तळ उघडा असला की विष्ठा, दोरे लगेच दिसतात. त्या टबाची जाळी, पाइप, मग वेगळे. पिशवीतलं दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही. विकणाऱ्यांसाठी तर ही वेगळी टाकी सक्तीचीच समजा. जंत असलेली एक जोडी गिऱ्हाईकाच्या घरी गेली की त्याच्या सगळ्या टाकीचं नुकसान होतं आणि तो परत येत नाही.

ओढ्यातून, तळ्यातून जाळीने गाळून आणलेले जिवंत किडे, गटारकडेचे ट्युबिफेक्स हे मासे आवडीने खातात, पण जंत येतात ते याच वाटेने. जिवंत खाद्य द्यायचंच तर ज्या पाण्यात मासे नाहीत अशा पिंपातल्या डासांच्या अळ्या द्या. तिथे सायक्लॉप्स असला तरी त्याला माशाचा जंत मिळालेला नसतो. पिंप मात्र दर दोन-तीन दिवसांनी गाळून घ्या, नाहीतर घरात डास.

आता गप्पीची एक वेगळी गोष्ट. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग गावोगावच्या हौदात, डबक्यात गप्पी सोडतो. तिथून चार मासे बाटलीत भरून पोरं घरच्या टाकीत आणतात. तेही आधी वेगळ्या टबात. आणि उलटंही : घरच्या टाकीतले आजारी किंवा जास्त झालेले गप्पी विहिरीत, ओढ्यात, नदीत सोडू नका. जंत तिथल्या माशांत जातात आणि गप्पी तर एकदा सुटला की वाढतच जातो.

औषधाचं पाणी आणि खाण्याचे मासे

बदललेलं औषधाचं पाणी विहीर, ओढा, गुरांचा हौद यांपासून लांब, उघड्या कोरड्या जमिनीवर ओता. भाजीच्या वाफ्यात नको. मेलेले मासे पुरून टाका, मांजर-कोंबड्यांना घालू नका. जाळ्या आणि पाइप मिठाच्या कडक पाण्यात घासून कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओलसर गाळ राहिला नाही तर अळ्या जगत नाहीत.

वरचे सगळे डोस फक्त शोभेच्या माशांचे आहेत. शेततळ्यात रोहू, कटला, मृगल, तिलापिया सोडले असतील तर यातलं एकही औषध तिथे वापरू नये. ते मासे माणसांच्या ताटात जातात, औषधाचा अंश मांसात राहतो. शिवाय शेततळ्यात लाखो लिटर पाणी असतं, तिथे हा हिशोब परवडतही नाही. तिथली मर वेगळ्या कारणाने असू शकते, बहुतेकदा पहाटेच्या वेळी प्राणवायू कमी पडल्यामुळे. त्यासाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन माहिती घ्या. जाताना नुकताच मेलेला मासा बर्फात आणि तळ्यातलं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन जा. कुजलेल्या माशावरून कुणालाही काही सांगता येत नाही.